आयुधपूजेआधीचा पसारा

म्हैसूरच्या दसऱ्यात हत्ती असतात, सोन्याची अंबारी असते, राजवाड्यावर लाखभर दिवे असतात. तिथून दक्षिणेला तेवीस-चोवीस किलोमीटरवर, नंजनगूडला, आमच्या घरच्या दसऱ्यात एक डेस्क असायचं. शाळेला सुट्टी लागली की गल्लीतल्या बाकीच्या मुलांना म्हैसूरच्या प्रदर्शनाचे वेध लागत. आम्हा दोघी बहिणींना मात्र अप्पांचं डेस्क काढायचं असे.

महाराष्ट्रात घराची झाडलोट दिवाळीच्या तोंडावर होते, हे मला लग्न होऊन पुण्यात आल्यावर कळलं. आमच्याकडे सगळी धांदल नवरात्राआधीच उरकायची, कारण प्रतिपदेला पायऱ्या मांडून बाहुल्या बसवायच्या. सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी, खाली देव, त्याखाली वाणी, शेट्टी, त्यांची बायको आणि अक्कानं मातीचं केलेलं एक काहीतरी, ज्याला ती गाय म्हणे. मूळ नक्षत्रावर सरस्वती मांडली की पुस्तकांची चळत देवापुढे जायची आणि दशमीपर्यंत वाचन बंद. तेवढ्यासाठी सरस्वती आमची फार लाडकी होती. आणि नवमीला आयुधपूजा, म्हणजे तुमची खंडेनवमी. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक लोखंडाला आणि लाकडाला सुट्टी मिळे. शिंप्याचं मशीन, सुताराची करवत, सायकलवाल्याचा पंप, सगळ्यांना गंध-कुंकू आणि शेवंतीची माळ. म्हैसूरची बस पुढे केळीचे खुंट बांधून यायची आणि कंडक्टर तिकिटाबरोबर चिमूटभर कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-फुटाणे, हातावर ठेवायचा. अम्माची आयुधं म्हणजे विळी आणि रगडा. आज्जांचं आयुध अडकित्ता. अप्पांचं आयुध डेस्क. आता पूजा करायची तर ती वस्तू आधी दिसायला हवी. अप्पांचं डेस्क वर्षभर दिसत नसे.

ते होतं होन्ने लाकडाचं. होन्ने म्हणजे आपला बिबळा. बैठं डेस्क, लिहायची फळी पुढे उतरती, फळी उचलली की आत खण, आणि उजव्या अंगाला दौतीसाठी कोरलेला गोल खळगा. त्यात शाई कधीच सांडून सांडून मुरलेली होती. डेस्क मूळ आज्जांचं. आज्जा तालुक्यातल्या एका गावाचे शानभोग, म्हणजे कुलकर्णी. १९६१ च्या कायद्यानं वंशपरंपरेनं चालत आलेली ही पदं गेली, दप्तर सरकारात जमा झालं आणि डेस्क घरी राहिलं. आज्जा त्यानंतर त्यावर कधी बसले नाहीत. झोपाळ्यावर बसून ते अप्पांना डेस्कवर बसलेलं पाहत आणि अधूनमधून म्हणत, "पाठ सरळ."

आमचं घराणं देशस्थ. तंजावरकडून आलं की विजापूरकडून, यावर आज्जा आणि त्यांच्या धाकट्या भावाचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. म्हैसूर संस्थानात अशी मराठी घरं काही कमी नव्हती. दिवाणांच्या यादीत पाहिलं तरी १९०६ ते १९०९ व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून १९१२ पर्यंत टी. आनंदराव, दोघेही कावेरीकाठच्या मराठी घराण्यांतले. त्याच्याही आधी, हैदराच्या कचेरीतले हिशेब कानडीत आणि मराठीत लिहिले जात. टिपूनं त्यात फारसीची भर घातली. थोडक्यात, कागद काळे करणं हा आमच्या लोकांचा तिकडचा जुना धंदा. अप्पांनी तो बिनपगारी चालवला.

अप्पा हायस्कुलात मास्तर. अक्षर असं की तालुका कचेरीतले कारकूनसुद्धा अर्ज पाहून म्हणत, "हा मेष्ट्रांचा." संध्याकाळी श्रीकंठेश्वराच्या देवळात मंगळारतीची घंटा वाजून गेली की आमच्या तोट्टीच्या कडेला माणसं येऊन बसायची. तोट्टी म्हणजे घराच्या मधला उघडा चौक. पावसाळ्यात त्यात पाणी पडायचं आणि माणसं भिंतीला चिकटून बसायची. कुणाला रेशनकार्डावर सून चढवायची, कुणाला वीजमंडळाकडे मीटर मागायचा, कुणाच्या नवऱ्याची पेन्शन अडलेली, कुणाचा मुलगा मुंबईत जाऊन पत्र पाठवत नाही म्हणून त्याला चार शब्द सुनवायचे. मोबदला म्हणून विड्याची पानं, वांगी, मोगऱ्याचे गजरे. पैसे घ्यायचे नाहीत हा अप्पांचा नियम. वांगी घ्यायची हा अम्माचा.

आणि प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत डेस्कवर राहायची. त्यावर घरचं येऊन पडायचं. नगरपालिकेच्या कंदायाची, म्हणजे कराची, पावती, विम्याची पावती, मनिऑर्डरचं कूपन, भिशीचं पुस्तक, हळदीची बोटं लावलेल्या लग्नपत्रिका, सायकलच्या पितळी बिल्ल्याची पावती, रेडिओचं लायसन्स. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण घरात रेडिओ ठेवायला दरवर्षी पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावं लागे. ज्या म्हैसुरात १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामींनी स्वतःच्या घरात प्रक्षेपण सुरू केलं आणि 'आकाशवाणी' हे नाव रूढ झालं, तिथून एका तासाच्या वाटेवर आम्ही आकाशातली वाणी ऐकायला पावती फाडत होतो. दिवाळी अंक पुण्याहून व्ही.पी.नं यायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत पोचले तर लवकर पोचले म्हणायचे. त्यांच्या वेष्टणावर अप्पा दुधाचा हिशेब लिहीत.

असा तो ढीग. बाहेरच्याला तो पसारा वाटे, पण अप्पा त्यात हात घालून हवा तो कागद काढत. १९९३ साली जपानमधले अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी कागद लावण्याच्या रीतीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते तिकडे धडाधड खपलं. त्यांचं म्हणणं असं की कागद विषयवार लावूच नका. प्रत्येक प्रकरण एका पाकिटात घाला, पाकिटं फळीवर ओळीनं उभी करा आणि ज्याला हात लागेल ते परत ठेवताना एका टोकाला ठेवा. लागणारे कागद आपोआप त्या टोकाला जमतात, न लागणारे सरकत सरकत दुसरीकडे जातात. मी हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले. अप्पांचा ढीग त्याच तत्त्वावर उभा होता, फक्त आडव्याऐवजी उभा. वरती काल-परवाचं, मध्ये उन्हाळ्यातलं, तळाला मागच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं. कुणी म्हणालं, "मेष्ट्रे, आमचा तो अर्ज," की अप्पा विचारायचे, "पाऊस होता का तेव्हा?" आणि त्या उत्तरावरून किती खोल हात घालायचा ते ठरवायचे.

पण नवमीला फळी रिकामी हवी. ती रिकामी करण्याचा त्यांचा एकच नियम होता: वाचल्याशिवाय टाकायचं नाही, आणि मनात वाचलेलं धरायचं नाही. प्रत्येक कागद कुणीतरी मोठ्यानं वाचायचा, निदान एकानं ऐकायचा, मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं. कानडी कागद अक्का वाची, मराठी पत्रं माझ्याकडे, इंग्रजी अप्पांकडे. आज्जा झोपाळ्यावरून निकाल देत. अम्मा स्वयंपाकघरातून.

"ही पावती एकोणसाठ सालची आहे, वाण्याची. तूरडाळ, गूळ, घासलेट."

"टाका," अम्मा आतून.

"थांब, खाली काय लिहिलंय?"

"'बाकी दोन आणे.'"

"दिले का ते आपण?" असं आज्जांनी विचारलं की कागद पुन्हा डेस्कावर.

या गतीनं काम कसं व्हायचं? होत नसे. सकाळी बसलेले आम्ही दुपारी जेवायला उठायचो तेव्हा ढिगाची उंची तीच आणि आसपास नवे ढीग. पण त्या वाचनात मला जे कळलं ते मला शाळेत कळलं नाही. आमच्या एका आत्याचं लग्न आधी दुसरीकडे ठरलं होतं आणि मोडलं, हे मला एका हळद लावलेल्या, कधीच न वाटलेल्या पत्रिकेवरून कळलं. समोरच्या घरातली म्हातारी, जी आम्हाला अंगणात खेळू देत नसे, तिनं मुलाला लिहिलेल्या पत्राची कार्बन प्रत अक्कानं वाचली आणि त्यानंतर आम्ही आपणहून दुसरीकडे खेळायला लागलो. अप्पांना कुणी विचारलं असतं की लोकांची पत्रं मुलींना का वाचायला देता, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मला आजही ते पटत नाही. पण त्या वयात कागद म्हणजे माणूस बोलतंय, हे कानात बसलं ते त्यामुळेच.

अम्माचं आणि अप्पांचं दरवर्षीचं भांडण ठरलेलं. अम्मा म्हणायची, सगळं बंबात घाला, एक आंघोळ तरी होईल. अप्पा दर वेळी एकच दाखला देत. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात, जे १८९१ साली स्थापन झालं, १९०५ मध्ये तंजावर भागातल्या एका पंडितानं ताडपत्रांची पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती उलगडली तर आत कौटिल्याचं अर्थशास्त्र. इतकी शतकं ज्याचं फक्त नाव ऐकू येत होतं तो ग्रंथ १९०९ साली छापून निघाला. "त्या पंडिताच्या घरात कुणी आवरासावर केली असती तर?" अप्पा विचारत. त्यात भर म्हणजे त्या ग्रंथात राजाचं दप्तर कसं ठेवावं, हिशेबाच्या वह्या कुणी तपासाव्यात, यावर एक अख्खं प्रकरण आहे. हे अप्पा अशा आवाजात सांगत की जणू कौटिल्यानं ते आमच्या डेस्कसाठी लिहिलं.

"तुमच्या डेस्कात अर्थशास्त्र नाही," अम्मा म्हणायची, "तूरडाळ आहे."

माझं मत विचाराल तर अम्मा बरोबर होती. घरोघरच्या ढिगात अर्थशास्त्र नसतं. त्या आशेवर माणसं घर भरतात आणि पुढच्या पिढीच्या कंबरेला भार होतो. पण अम्माच्या हाती सत्ता असती तर मला पुढची गोष्ट सांगता आली नसती, हेही खरं.

जे राहायचं ठरे ते रुमालात जाई. जुन्या धोतराचे, पातळांचे चौकोन करून अम्मा ते देत असे. त्यात कागद, वर वेखंडाचा तुकडा, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला, आणि गाठ. गाठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. पुण्यात पेशवे दफ्तर असंच रुमालात बांधलेलं आहे आणि त्यातून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग छापून काढले, हे मला पुढे समजलं. आमच्या दफ्तराच्या चिठ्ठ्या अशा होत्या: 'घरचे', 'दुसऱ्यांचे', 'देवाचे', 'भांडणाचे', 'गेलेल्यांचे' आणि 'नंतर पाहू'. सगळ्यात जाड रुमाल 'नंतर पाहू'चा. 'देवाचे'मध्ये सेवेच्या पावत्या, राघवेंद्र मठाची जुनी पंचांगं, फाल्गुनातल्या दोड्ड जात्रेला, म्हणजे पाच रथांच्या यात्रेला, घरी किती पाहुणे आले त्याच्या याद्या. कोण आलं, कोण कुठे झोपलं, किती पानं उठली. 'भांडणाचे'मध्ये शेजारच्या घराशी पन्हाळीच्या पाण्यावरून चाललेला पत्रव्यवहार. तो वाचताना आज्जांना दरवर्षी नव्यानं राग येई.

'गेलेल्यांचे' या रुमालात तळाशी एक वस्तू होती जी कागद नव्हती. काळं, जाड, घड्याघड्यांचं एक कापड, उघडत गेलं की तोट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारं. ते कडत. कागद महाग होता त्या काळात आमच्याकडचे शानभोग आणि व्यापारी हिशेब यावर ठेवत. सुती कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून ते काळं करायचं, सुकलं की पंख्यासारख्या घड्या घालायच्या आणि शंखजिऱ्याच्या कांडीनं, आमच्या बळपानं, पांढऱ्या अक्षरात लिहायचं. चुकलं की पुसायचं. मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्यानं म्हैसूरच्या इतिहासात त्याचं वर्णन केलेलं आहे आणि असलं पुसता येणारं साधनसुद्धा पुष्कळ टिकतं याचं त्याला नवल वाटलेलं दिसतं. आमच्यावरचं लिखाण निम्मं मोडीत, निम्मं कानडीत. आज्जांच्या आजोबांचं. भाताच्या खंड्या, कुणाकुणाची नावं, एका ठिकाणी मध्येच एका बैलाची तक्रार. आज्जा त्याला हात लावू देत नसत. बोट फिरलं तर अक्षर जाईल. ते स्वतः वाचत, दरवर्षी एकच घडी, आणि पुन्हा मिटून ठेवत. पूर्ण कडत मी कधीच ऐकलं नाही.

खणांचं काम आमचं. फळी उचलली की आधी वास यायचा. वेखंड, शाई, डिंक आणि म्हैसूर सँडलची रिकामी डबी. ती अम्मा कसरीसाठी टाके आणि अप्पा टाचण्यांसाठी वापरत. एका कोपऱ्यात गुलाबी भुकटी सांडलेली असे, ती नंजनगूडच्या दंतमंजनाची. वैद्य बी. व्ही. पंडितांनी १९१३ साली आमच्या गावात सद्वैद्यशाळा काढली, तेव्हापासून कर्नाटकातले दात आमच्या गावाच्या नावानं घासले जातात. ती पुडी डेस्कात काय करत होती ते मात्र कुणाला सांगता येईना. बोरू, निबांची डबी, बोथट झालेला दाभण, बिलं खोचायची तार, लाल लाखेचे तुकडे. लाख म्हैसूरच्याच लाख आणि रंगाच्या कारखान्यातली. १९३७ साली नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी तो काढला आणि १९६२ च्या निवडणुकीपासून देशभर बोटाला लावायची शाई तिथूनच जाते. अप्पा मास्तर म्हणून निवडणुकीच्या कामाला जात आणि येताना नखावर शाई आणि खिशात उरलेल्या लाखेचा तुकडा घेऊन येत. तुकडा जळत्या काडीवर धरून पाकिटावर थेंब पाडायचा आणि त्यावर अडकित्त्याच्या टोकाचा ठसा उमटवायचा, हा आमचा त्या दिवसातला एकमेव अधिकृत खेळ.

आता ती गोष्ट.

तुमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. आमच्याकडे ते व्हायला १९७४ चा मार्च उजाडला. देवराज अरसु मुख्यमंत्री, आमच्याच जिल्ह्यातल्या हुणसूर भागातले. नवा कायदा असा की कुळानं फॉर्म सात भरून तालुक्याच्या लवादाकडे द्यायचा. चौकशी होऊन जमीन त्याच्या नावावर. आमची कपिलेच्या काठाला थोडी भातजमीन होती आणि कडेला रसबाळे केळीची बाग. नंजनगूडचं रसबाळे ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको; साल पातळ, गर लोण्यासारखा, आणि घरात घड टांगला की दारातून आत येणाऱ्याला कळायचं. ती जमीन ज्याच्याकडे होती त्याच्या बापानंही आमचीच जमीन कसलेली.

तो एका संध्याकाळी आला आणि भिंतीला टेकून बसला. माणसं गेली तरी उठेना. शेवटी अप्पांनी विचारलं, "काय आणलंयस?" त्यानं पंच्यातून घडी केलेला कागद काढला. कोरा फॉर्म सात. गावात लिहिता येणारे दुसरे नव्हते असं नाही. पण तो म्हणाला, "मेष्ट्रे, दुसऱ्याच्या हातचं कचेरीत वाचतच नाहीत."

आज्जांचा झोपाळा थांबला. अम्मा दारात येऊन उभी राहिली. अप्पांनी कागद फळीवर सरळ केला, खाली कार्बन घातला आणि विचारायला सुरुवात केली. नाव. बापाचं नाव. जमीन कुणाची, या रकान्यात त्यांनी आज्जांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासह. सर्व्हे नंबर त्याला आठवत नव्हता. अप्पांनाही नव्हता. क्षणभर कुणी बोललं नाही आणि मग झोपाळ्यावरून आज्जांनी नंबर सांगितला. हद्दीही सांगितल्या. पूर्वेला कालवा, दक्षिणेला कुणाचा बांध. शानभोगाच्या आवाजात, थांबत थांबत, लिहिणाऱ्याला वेळ देत. त्यानं अंगठा उठवला, अप्पांनी 'माझ्यासमक्ष' म्हणून सही केली.

तो गेल्यावर अम्मा म्हणाली, "अक्षर जरा वाईट काढलं असतं तर काय बिघडलं असतं?"

अप्पा म्हणाले, "मग त्यानं दुसऱ्याकडेच नेला असता."

लवादाचा निकाल त्याच्या बाजूनं लागला. अप्पांनी प्रकरणाचा नंबर आणि निकालाची तारीख कार्बन प्रतीच्या समासात पेन्सिलीनं लिहिली. त्या वर्षी डेस्क काढताना तो कागद वाचायची पाळी अक्काची होती. ती वाचून थांबली. कुठे ठेवायचा? मी म्हटलं 'घरचे'. अम्मा म्हणाली 'भांडणाचे'. आज्जा म्हणाले, "'दुसऱ्यांचे'." तिथे तो गेला. नंतर पुष्कळ वर्षं दसऱ्याच्या आधी रसबाळेचा एक घड घरी येत असे, त्या बागेतला. पुढे पनामा रोगानं तालुक्यातल्या रसबाळेच्या बागा एकामागून एक बसल्या आणि घडही यायचा थांबला. आता त्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, शोधायला गेलं तर केळं मिळायला कष्ट पडतात.

उरलं ते रद्दीत. आमच्या गावाजवळ चिक्कय्यनछत्राला साउथ इंडिया पेपर मिल्सची गिरणी आहे, १९५९ सालची. तिथे रद्दीचा लगदा होऊन पुन्हा कागद होतो. रद्दीवाला तराजू घेऊन आला की अप्पा पायरीवर उभं राहून प्रत्येक गठ्ठा जाताना पाहत. "जातोय कुठे," म्हणत, "छत्रापर्यंत." मग अष्टमीच्या रात्री रिकाम्या फळीवर ओला कपडा, सकाळी खोबरेल तेलाचा हात. होन्नेचा पिवळट तांबूस रंग वर यायचा आणि आम्हाला दरवर्षी नव्यानं आश्चर्य वाटायचं की हे इतकं देखणं आहे. नवमीला त्यावर पंचिंग मशीन, दौत, बोरू, तार, शिक्के ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला कुंकवाचं बोट. दाराशी कोहळा फुटायचा. दशमीला सकाळी सरस्वतीपुढची पुस्तकं उठायची आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी तोट्टीत येऊन बसायचं. पहिला अर्ज.

अप्पा, अम्मा, आज्जा आता 'गेलेल्यांचे'मध्ये. घर अक्काकडे आहे. २००० सालच्या सुमारास सरकारनं 'भूमी' योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले आणि हातानं लिहिलेलं अक्षर उताऱ्यांवरून गेलं. अक्काच्या मुलानं आता रुमालही मोबाइलमध्ये घ्यायचं मनावर घेतलंय. फोल्डरांना नावं त्यानं तीच दिली आहेत. 'नंतर पाहू' उघडायला अजून सगळ्यात जास्त वेळ लागतो म्हणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कपिला चढली, म्हैसूर रस्त्यावर मल्लनमूले मठापाशी पाणी येऊन वाहतूक थांबली, तेव्हा मी पुण्याहून घाबरून फोन केला. अक्का म्हणाली, "रुमाल माळ्यावर टाकलेत." मी म्हटलं, दागिने? "ते बँकेत आहेत. ते कुठे जाणारेत?"

गेल्या दसऱ्याला मी तिथे होते. अक्का आणि मी जमिनीवर मांडी घालून, म्हणजे तिनं मांडी घालून आणि मी स्टुलावर, बसलो होतो. दारात एक तरुण उभा राहिला, हातात हेल्मेट नाही, बसनं आलेला. त्या कुळाचा नातू. भावाभावांत वाटणी व्हायची आहे, कचेरीत लवादाच्या निकालाची नक्कल मागितली तर नंबर विचारतात, घरात कुणाला माहीत नाही. आजोबा म्हणायचे, मेष्ट्रांकडे असेल.

'दुसऱ्यांचे' सोडला. कार्बनचा निळा थोडा पसरलाय, समासातली पेन्सिल मात्र स्वच्छ. त्यानं खिशातून मोबाइल काढला, फोटो घ्यायला.

"थांब," अक्का म्हणाली. "आधी बस."

तिनं चष्मा लावला आणि वरपासून वाचायला लागली. नाव, बापाचं नाव, जमीन कुणाची. आमच्या आज्जांचं पूर्ण नाव. पूर्वेला कालवा. मुलगा घड्याळाकडे पाहत होता, मग पाहायचा थांबला. अंगठ्याशी आली तेव्हा तिनं कागद फिरवून त्याला दाखवला. त्यानं फोटो घेतला, एक नव्हे, बरेच, आणि म्हणाला, "अम्मा, माझी बस गेली असणार."

"पुढची पाऊण तासानं आहे," अक्का म्हणाली आणि रुमालात हात घालून आणखी एक कार्बन काढला. "तोवर तुझ्या आजीचा वीजमीटरचा अर्ज ऐक. तीन वेळा नाकारलाय तो."